नोटीस बुंध्यावर चिकटलीय, आता काय? झाडतोडीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळ्याआधीच्या छाटणीवर चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा आणि मेलचा नुसता ढीग लागला. छाटणीबद्दल कमीच, बहुतेकांचा सूर एकच, की अहो ते छाटणीचं राहू द्या, झाड तोडायचं का ठेवायचं हे नेमकं ठरवतं कोण आणि कसं? मी एका महापालिकेच्या उद्यान खात्यात २६ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी झाडाखाली उभं राहून पंचनामे लिहिण्यात गेली असतील, त्यामुळे उत्तरं कायद्याच्या पुस्तकातली थोडी आणि चपला झिजवून मिळालेली जास्त. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, नावं गाळलीत.

आमच्या सोसायटीत पार्किंगवर झुकलेला मोठा गुलमोहर आहे. मागच्या पावसात त्याची फांदी एका मेंबरच्या गाडीवर पडली. कमिटीनं ठराव पास केला की तोडायचा. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, हात लावून बघा, पोलीस बोलावते. आमच्या ठरावाला काही किंमत आहे की नाही? — सोसायटी सेक्रेटरी, ठाणे

किंमत आहे, पण अर्जाला जोडायचा कागद एवढीच. काकूंचं बरोबर आहे. झाड तुमच्या आवारात असलं, तुमच्याच आजोबांनी लावलेलं असलं तरी शहरात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. आपल्याकडे १९७५ चा कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, त्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं आणि एक वृक्ष अधिकारी असतो. अर्ज त्याच्याकडे करायचा, म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या प्रभाग कार्यालयातल्या उद्यान विभागात, आणि आवक शिक्का मारलेली पोहोच घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. झाड मेलेलं असेल, रोगट असेल, वाऱ्यानं पडलेलं असेल, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल, रहदारीला अडथळा असेल तर परवानगी नाकारायची नाही. म्हणजे सगळा खेळ त्या 'धोका' या शब्दावर येतो, आणि धोका आहे की नाही हे कोणी मीटिंगमध्ये बसून ठरवत नाही, ते ठरतं स्थळपाहणीला जो माणूस येतो त्याच्या वहीत. मी इतकी वर्षं बघितलंय, पाहणीच्या कागदावर 'धोकादायक' लिहिलं गेलं की पुढे फाईल आपोआप सरकते, आणि नाही लिहिलं की आमदाराचा फोन आला तरी अडखळते. म्हणून पाहणीच्या दिवशी हजर राहा, तुम्ही पण आणि काकू पण.

तेव्हा काय बघायचं ते सांगतो. झाड झुकलंय म्हणजे पडणार असं नाही. आधी शेंडा बघा. बुंधा तिरका पण वरचा भाग पुन्हा सरळ आभाळाकडे वळलेला असेल तर ते झाड कित्येक वर्षं तसंच उभं आहे, त्यानं स्वतःला सावरून घेतलंय. पण खालपासून वरपर्यंत सरळ काठीसारखं तिरकं असेल, आणि झुकलेल्या बाजूच्या उलट बाजूला माती फुगलीय, भेग पडलीय, पेव्हर ब्लॉक उचललेत, तर ते झुकणं ताजं आहे, वेळ न घालवता अर्ज करा. मग बुंध्यावर लाकडी हातोडीनं किंवा नुसत्या मुठीनं ठोका, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कलिंगड घेताना कळतो तसाच कळतो. बुंध्याच्या तळाशी भूछत्रासारखी कडक अळंबी दिसली तर आत कुजतंय. फांद्यांच्या बेचक्यात ढोली आहे का, वाळवीचा मातीचा थर आहे का ते बघा.

आणि गुलमोहरासाठी एक खास. हे झाड मूळचं मादागास्करचं, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी, आणि आपण त्याच्या बुंध्यापर्यंत गच्च काँक्रीट भरतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ सालीच दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती, आपल्याकडे मात्र पार्किंगच्या दोन पट्ट्यांसाठी ती जागा सुटत नाही. तुमच्या केसमध्ये मला असं वाटतंय (न बघता सांगतोय, तेवढं लक्षात घ्या) की पार्किंगवरच्या दोनतीन जड फांद्या परवानगी घेऊन माहितगार माणसाकडून कमी करून घेतल्या आणि आळं मोकळं केलं तर झाड तोडायची वेळ येणार नाही. फक्त छाटणीवाला एका बाजूनं सगळं भादरून टाकणार नाही हे बघा, कारण तोल गेलेलं झाड पुढच्या पावसात दुसऱ्या बाजूला जातं.

धोका खरंच असतो, हेही सांगून ठेवतो. २०१७ च्या जुलैत चेंबूरमध्ये नारळाचं झाड अंगावर पडून एक बाई गेल्या. त्यामुळे 'एकही झाड तोडू देणार नाही' हा हट्ट मला पटत नाही.

घरासमोरच्या रस्त्यावरच्या चार झाडांवर नोटिसा लावल्यात, रस्तारुंदीसाठी म्हणे. हरकत घ्यायचीय पण लिहायचं काय? मागच्या वेळी आम्ही साठ जणांनी सह्या करून दिलं, काहीच झालं नाही. — पुणे

तुमच्या मागच्या वेळच्या पत्राची कॉपी तुम्ही पाठवलीत ती वाचली. रागावू नका, पण दीड पान 'झाडे ही पृथ्वीची फुप्फुसे आहेत' आणि खाली साठ सह्या. हे वाचणाऱ्या माणसाला त्यात उत्तर द्यायला काहीच नाही, त्यामुळे तो 'हरकतीची नोंद घेतली' असं लिहून मोकळा होतो. साठ सह्यांचं एक पत्र ही एक हरकत धरतात, साठ वेगळी पत्रं असतील तर साठ. आणि प्रत्येकात एखादा तरी असा मुद्दा पाहिजे की ज्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

म्हणजे कसं? नोटीस हातात घेऊन झाडाजवळ जा. नोटिशीवर झाडाची जात, संख्या, कारण लिहिलेलं असतं. जात बरोबर आहे का? मी करंजाला 'जंगली' लिहिलेलं पाहिलंय, आणि 'इतर' हा तर सगळ्यात आवडता वृक्ष. संख्या मोजा. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीवर, शिंप्याच्या टेपनं घेर मोजा आणि लिहून काढा, कारण वय त्यावरनं काढतात आणि वयाचं महत्त्व किती ते खाली येईलच. मग रस्त्याचा नकाशा मागा, झाड नेमकं नव्या रस्त्याच्या कुठे येतं, फुटपाथमध्ये येतं की डांबरात येतं? फुटपाथमध्ये येत असेल तर तोडायचं कशाला? पर्यायी आखणी बघितली का, कुणी बघितली, त्याचा कागद दाखवा. बदल्यात झाडं कुठे लावणार, गट नंबर काय, पाणी कुठनं देणार? असे पाच प्रश्न आकड्यांत विचारलेत की फाईल परत खाली येते, आणि फाईल खाली येणं म्हणजे निम्मी लढाई.

नोटीस झाडाच्या दर्शनी भागावर लावायची आणि पेपरातही द्यायची असा नियम आहे. दोन्हीचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. मुदत नोटिशीवरच असते, ती चुकवू नका. सुनावणी लागली तर जा, आणि एकानंच बोला, सगळे एकदम ओरडले की अधिकाऱ्याला बरंच असतं, 'गोंधळामुळे' हा शब्द लिहून उठता येतं.

गर्दीचा उपयोग नाही असं म्हणत नाहीये हं. २०२५ च्या नोव्हेंबरात नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सुमारे १,८०० झाडांचा विषय निघाला तेव्हा शेकड्यानं हरकती आल्या आणि राज्यभर चर्चा झाली. पण चार झाडांसाठी राज्यभर चर्चा होत नसते, तिथे शिंप्याची टेपच कामाला येते.

अजून एक, परवानगी मिळाली म्हणजे संध्याकाळी करवत आली असं होत नाही, परवानगीनंतर १५ दिवस झाड तोडता येत नाही. हे दिवस कशासाठी आहेत? कोर्टात जायचं असेल तर जाता यावं म्हणूनच. त्यामुळे निर्णयाची प्रत लगेच मिळवा.

वृक्ष प्राधिकरणाच्या मीटिंगमध्ये नक्की काय होतं? तिथे झाडांमधलं कळणारं कोणी असतं का, का सगळे नगरसेवकच? — मुलुंड, मुंबई

महापालिकेत आयुक्त अध्यक्ष, आणि ५ ते १५ सदस्य. नगरसेवक असतात आणि बाहेरचे तज्ज्ञ, संस्थांचे प्रतिनिधी नेमायचे असतात. 'नेमायचे असतात' म्हणजे नेमलेले असतातच असं नाही. मुंबईत २०१८ साली तज्ज्ञच नव्हते म्हणून हायकोर्टानं प्राधिकरणाचं काम थांबवलं होतं, मग नेमणुका झाल्या.

मीटिंगचं चित्र सांगू? समोर अजेंड्याचं बाड. प्रत्येक प्रस्तावात तीन आकडे असतात: तोडायची झाडं, दुसरीकडे लावायची झाडं, आणि राखायची झाडं. बिल्डिंगचा प्रस्ताव असेल तर तिसरा आकडा आवर्जून मोठ्यानं वाचतात. मी सेवेत असताना चहा येईपर्यंत बारा-पंधरा प्रस्ताव उरकलेले बघितलेत, कोणाची चूक म्हणून सांगत नाही, एवढ्या झाडांकडे सगळे सदस्य स्वतः जाऊन कधी बघणार? ते पाहणीच्या अहवालावर विसंबतात. अहवालात फोटो अंधुक असतील तर अंधुकच निर्णय होतो.

मत द्यायची वेळ आली तरी काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतल्या आरे कॉलनीचं. २९ ऑगस्ट २०१९ ला मुंबईच्या प्राधिकरणानं मेट्रो ३ च्या कारशेडसाठी २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ दुसरीकडे लावायला मंजुरी दिली, ८ विरुद्ध ६ मतांनी. हजारो हरकती आलेल्या होत्या. नंतर दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. ४ ऑक्टोबरला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली, ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं थांबवली तोवर २,१४१ झाडं आडवी झालेली. तीन रात्री! एवढं झाल्यावर पुढे ८४ झाडांची परवानगी मिळाली होती तर तिथे १७७ झाडांचा अर्ज प्राधिकरणाकडे गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मेट्रो कंपनीला त्याबद्दल १० लाख भरायला लावले.

यातनं मी एवढंच घेतो की मीटिंगमध्ये हात वर व्हायच्या आधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं, जागा कुठली, नकाशा कसा, झाडं मोजली कोणी. तुम्ही मीटिंगच्या दिवशी बॅनर घेऊन गेलात तर दोन महिने उशीर झालेला असतो. छोट्या प्रस्तावांचं तर आणखीच, २५ पर्यंतच्या झाडांचं आयुक्तांनीच ठरवावं अशी दुरुस्ती २०१७ साली आली आणि त्यावर कोर्टात बराच वाद झाला. बिल्डरांनी लगेच एका प्लॉटचे तुकडे पाडून २४-२४ झाडांचे अर्ज टाकले तर काय, ही भीती तेव्हा सगळीकडे बोलली जायची.

बाजूचा दुकानदार म्हणतो झाड 'वाळलंय', म्हणून तोडायची परवानगी काढणारे. मला तर पाच वर्षं ते प्रत्येक उन्हाळ्यात हिरवं दिसतं. — कोल्हापूर

महिना कुठला आहे ते आधी सांगायला हवं होतंत! पण हा प्रश्न वाचून मला माझीच गोष्ट आठवली.

नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. फेब्रुवारीत एक अर्ज आला, 'वाळलेले व धोकादायक शिरीष झाड, दुकानासमोर'. गेलो. खरंच एक पान नाही, नुसत्या पिवळट चपट्या शेंगा लोंबतायत आणि वारा आला की खुळखुळ्यासारख्या वाजतायत. बरोबरचे साहेब म्हणाले लिही 'पूर्ण वाळलेलं' आणि चल, अजून तीन ठिकाणी जायचंय. मी सहज म्हणून नखानं एक बारीक फांदी खरवडली तर सालीखाली हिरवंगार आणि ओलं. शिरीष आहे तो, पानगळ चालू होती, बाकी काही नाही. दुकानदाराची अडचण वेगळीच होती, नवीन लावलेला ग्लो साईनचा बोर्ड पलीकडच्या फुटपाथवरनं दिसत नव्हता. मी वहीत लिहिलं, 'पानगळ सुरू आहे, झाड जिवंत, तोडण्याचे कारण नाही'. साहेब दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. एप्रिलमध्ये मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो, कोवळ्या पानांनी भरलेलं झाड आणि खाली सावलीत तोच दुकानदार स्टूल टाकून बसलेला. मला बघून चहा पण पाजला, गंमत म्हणजे.

तर तुम्ही पण नख लावा. दोनतीन वेगवेगळ्या फांद्यांना, एकाच फांदीवरनं ठरवू नका. सालीखाली हिरवं असेल तर फोटो काढा आणि हरकतीला जोडा. वर बुंध्यात ड्रिलनं पाडलेली बारीक भोकं, मुळाशी अॅसिडचा पांढरट डाग, साल गोल सोललेली असं काही दिसलं तर मग वाळण्याचं कारण वेगळं आहे. कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसती करवत लावणं नाही, जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्यात येतं. पोलिसांकडे आणि वृक्ष अधिकाऱ्याकडे दोन्हीकडे लेखी द्या. आणि हे किरकोळ प्रकरण समजू नका, मार्च २०२५ मध्ये मथुरेकडच्या ४५४ झाडांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं झाडामागे एक लाख दंड कायम ठेवला.

एका झाडाची किंमत ७४,५०० रुपये, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का? मग तोडणाऱ्याकडनं तेवढे वसूल करा ना! — अमरावती

अर्धं खरं. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आकडा दिला, पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं जाणार होती त्या प्रकरणात. पण ७४,५०० हे एका वर्षाचे, झाडाच्या वयानं गुणायचे. त्यातले ४५,००० तर नुसत्या ऑक्सिजनचे धरलेत. तो समितीचा अहवाल आहे, तुमच्या महापालिकेच्या खिडकीवरचा दर नाही, तिथे जाऊन भांडू नका. हरकतीत वापरायला मात्र चांगला आहे.

रिडेव्हलपमेंटमध्ये ११ झाडं गेली, बदल्यात बिल्डरनं मागच्या भिंतीला चिकटून ४० रोपं लावली, फोटो काढले, वर्षभरात सगळी मेली. आता म्हणतो नियमाप्रमाणे लावली होती. — डोंबिवली

हा सगळ्यात दुखरा भाग. तोडायची परवानगी म्हणजे कागदांवर कागद, शिक्क्यांवर शिक्के, आणि लावायचं म्हटलं की पाच जूनला, पर्यावरण दिनी, फोटो, संपला विषय.

नियम काय आहे? जुन्या कायद्यात तोडल्यावर ३० दिवसांत बदली झाड लावायचं असं होतं. २०२१ ची दुरुस्ती आली आणि चित्र पालटलं. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे हेरिटेज झाड, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे ३५ वर्षांचा आंबा गेला तर ३५ झाडं. म्हणून मघाशी म्हटलं घेर मोजून ठेवा, वय पाच वर्षांनी कमी दाखवलं की पाच झाडं गायब, आणि एकदा बुंधा ट्रकमध्ये गेला की कोणाला काय कळतंय. रोपं सुद्धा बोटभर चालत नाहीत, लावताना ६ ते ८ फूट उंच पाहिजेत, जिओटॅग करायची (म्हणजे नेमकी जागा नोंदवायची) आणि सात वर्षं सांभाळायची. जागा नसेल तर पैसे भरायची सोय आहे, ती सोय कशी वापरली जाते हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या हिशोबात तर ११ झाडांना ४० रोपं म्हणजे सरासरी चार वर्षं पण भरत नाही एका झाडाला. ती झाडं चार वर्षांची होती का? असतील तर मी काही बोलत नाही. पण जुनी इमारत पाडून झाली म्हणताय तर बहुधा नसणार. तेव्हा परवानगीच्या पत्राची प्रत माहिती अधिकारात मागा, त्यात अटी लिहिलेल्या असतात, किती झाडं, कुठली, कुठे, अनामत किती घेतलीय. ती अनामत परत दिलीय का ते विचारा. दिली नसेल तर अजून तुमच्या हातात दोरी आहे, कारण बिल्डरला पैसे परत पाहिजे असतात तेव्हाच त्याला झाडांची आठवण येते. मेलेल्या रोपांचे फोटो काढून 'अट पूर्ण झालेली नाही, अनामत परत देऊ नये' एवढंच एक ओळीचं पत्र द्या.

भिंतीला चिकटून ४० रोपं, हे वाचून हसू पण आलं आणि चीड पण. एका झाडाला किमान माणूस हात पसरून गोल फिरेल एवढी जागा तरी नको? ११ मोठी झाडं नीट लावली असती, चांगला तीन फूट खड्डा, माती, शेणखत, बांबूचा आधार आणि दोन उन्हाळे पाणी, तर मला ४० पेक्षा ती आवडली असती. आकडा भरण्याच्या नादात दाटी करतात, किंवा मग पटकन वाढतं म्हणून कदंब नाहीतर कोनोकार्पस हे परदेशी झाड लावतात. कोनोकार्पसवर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली आणि आपल्याकडे अजून सोसायट्यांच्या कुंपणाला लावतायत लोक. त्यापेक्षा करंज लावा, बकुळ लावा, ताम्हण तर राज्याचं फूल आहे आणि आकारानं पण आवरतं, विजेच्या तारांखाली असेल तर बहावा. वड-पिंपळ मैदान असेल तरच, कंपाऊंडच्या भिंतीशी लावून दहा वर्षांनी पुन्हा मलाच पत्र लिहाल की तोडायचं कसं.

आमच्याकडे माडाचं झाड तोडायला परवानगी लागते की नाही? कोण म्हणतो माड झाडच नाही. — म्हापसा, गोवा

मध्ये एक वर्षभर नव्हतं खरं! गोव्याचा कायदा वेगळा, १९८४ चा, आणि तिथे वृक्ष अधिकारी वनखात्याचा. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माडाला झाडाच्या व्याख्येतनं काढलं होतं, केवढा गहजब झाला, शेवटी २०१७ मध्ये परत आत घेतलं आणि वर राज्यवृक्ष पण केलं. तेव्हा परवानगी लागते. राज्यवृक्ष आहे आता तो, जरा आदरानं बोला.

इथे सॅन फ्रान्सिस्कोत आमच्या रस्त्यावरचे फायकस तोडणारेत. सिटीनं नोटीस लावलीय. मुलाला वाटतं आपण विरोध करावा, तुमचं मत? — एक वाचक, अमेरिका

तुमचा फायकस म्हणजे आपला नांद्रुक हो, फायकस मायक्रोकार्पा! इथे देवळामागे असतो तोच. तिथे त्याच्या जड फांद्या बेचक्यातनं फाटून खाली येतात म्हणून शहरानं नवे लावणं सोडलंय आणि जुने बरेच काढायला घेतलेत. २०१६ च्या मतदानानंतर रस्त्यावरची झाडं सांभाळायची जबाबदारी घरमालकांकडून शहराकडे गेलीय. नोटीस ३० दिवस झाडावर राहते, तेवढ्यात कोणी हरकत घेतली की जाहीर सुनावणी होते, आणि निकाल पटला नाही तर अपील बोर्डाकडे १५ दिवसांत जाता येतं. वाचून गंमत वाटली, त्यांचे पण १५ दिवस.

मत विचारताय तर विरोध करायच्या आधी अर्बोरिस्टचा, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाचा, रिपोर्ट मागून घ्या आणि प्रत्येक झाडाचं वेगळं वाचा. वीस झाडांचं एकच कारण कॉपी-पेस्ट केलेलं असेल तर मुलाला सुनावणीला घेऊन जा. तसं नसेल तर तोडण्याला विरोध नका करू, बदली झाड किती मोठं आणि कधी लावणार याची तारीख मागा. रिकामे चौकोन फुटपाथवर वर्षानुवर्षं तसेच राहतात, तिकडे पण आणि इकडे पण.

आमचा वाडा पाडणारेत. मागच्या अंगणात माझ्या सासूबाईंनी लावलेली बकुळ आहे, घेर मोजला, चार फूट भरला. बिल्डर म्हणतो काळजी नको आजी, मशीननं उचलून दुसरीकडे लावतो. जगेल का? — सदाशिव पेठ, पुणे

आजी, खोटं कशाला बोलू, कठीण आहे. वड-पिंपळ-उंबर असता तर मी जरा तरी हो म्हटलं असतं, ती जात चिवट, फांदी खोचली तरी धरते. माड पण बऱ्यापैकी जगतात. पण एवढी जुनी बकुळ, त्यात वाड्याच्या फरशीखाली मुळं कुठे कुठे गेली असतील कोण जाणे. बिल्डरला पुनर्रोपण आवडतं कारण कागदावर झाड 'तोडलं' नाही असं दिसतं, आणि वर्षभरानं ते माळावर काठी होऊन उभं असतं तेव्हा बघायला कोणी जात नाही.

म्हणून पहिलं म्हणजे, नकाशात ती बकुळ आहे तिथेच ठेवता येते का ते विचारा. मागच्या अंगणात म्हणताय, म्हणजे तिथे तसंही मोकळी जागा सोडावी लागणारच असेल, मग दोन गाड्यांची पार्किंग इकडेतिकडे करून ती राहू शकेल. सासूबाईंनी लावलीय म्हणजे ५० वर्षं झालीच असतील, मग ती हेरिटेज धरली जाते, हे पत्रात पहिल्या ओळीत लिहा. वर्ष सांगता येईल असं काही घरात आहे का बघा, जुन्या लग्नाच्या किंवा मुंजीच्या फोटोत मागे ती दिसत असेल तर त्याची कॉपी जोडा. मी असा एक फोटो पुरावा म्हणून फाईलला लावलेला आहे, चालला होता.

आणि अगदीच हलवायचं ठरलं तर घाई करू देऊ नका. आधी अर्धा गोल चर खणून त्या बाजूची मुळं कापायची, माती भरून पाणी देत राहायचं, दोनतीन महिन्यांनी बाकीचा अर्धा, तोवर नवी बारीक मुळं फुटलेली असतात, मग पावसाच्या तोंडावर मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधून उचलायचं. एका दिवसात जेसीबीनं उपटून नेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. नवी जागा आधी स्वतः बघून या, पाण्याचा नळ किती पावलांवर आहे ते मोजा. आणि खणायला येतील त्याच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याच्या उत्तरेच्या बाजूला चुन्याचा एक ठळक पट्टा ओढून ठेवा, नव्या जागी लावताना तो पट्टा परत उत्तरेलाच यायला पाहिजे, नाहीतर इतकी वर्षं सावलीत राहिलेली साल एकदम दुपारच्या उन्हात येते आणि तडकते. हे काम मजुरांवर सोडू नका, नातवाला होकायंत्र लावायला सांगा मोबाईलमध्ये आणि उभं करा तिथे.